शनिवार-रविवारात बालपण : एका ‘हीलिंग’ शिबिराचे परीक्षण

बालपणीच्या जखमा भरून काढा आणि स्वतःची हरवलेली शक्ती परत मिळवा, अशा आशयाच्या जाहिराती गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतल्या आणि आता नाशिक-कोल्हापूरकडच्याही मध्यमवर्गीय वाचकांच्या मोबाइलवर नित्याने दिसू लागल्या आहेत. मुळशी परिसरातील एका शेतघरावर भरलेल्या अशाच एका निवासी शिबिराचे हे परीक्षण आहे. आयोजकांचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे आलेल्यांपैकी काही जण पूर्वी अन्यत्र जाऊन आले होते आणि इथली बहुतेक सत्रे थोड्याफार फरकाने सगळीकडे असतात, असे त्यांच्या बोलण्यातून समजले. तेव्हा एका संस्थेला गुण देण्यापेक्षा, अशा शिबिरासाठी पैसे भरणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. सहभागींनी विश्वासाने सांगितलेल्या हकिकती इथे येणार नाहीत. त्या सांगण्याचा अधिकार माझा नाही.

आधी व्यवहाराचे बोलून टाकते. निवास आणि भोजन धरून शुल्क ९,५०० रुपये होते. खोल्या स्वच्छ होत्या, एका खोलीत चौघी होत्या, जेवण घरगुती होते आणि रविवारी सकाळचे थालीपीठ तर उत्तमच होते. संचालनाची भाषा मराठी असली तरी प्रत्येक महत्त्वाच्या क्षणी ती इंग्रजीत शिरत असे, त्यामुळे साताऱ्याकडून आलेल्या एका वयस्कर गृहस्थांची पंचाईत होत होती. आल्या आल्या सर्वांचे मोबाइल जमा करून घेतले गेले. एकाग्रतेसाठी हे ठीक असेल, परंतु जिथे माणसे आपल्या आयुष्यातील सर्वांत अवघड गोष्टी बोलणार आहेत, तिथून हवे तेव्हा घरी फोन करण्याची मुभा काढून घेणे मला पटले नाही, आणि या आक्षेपाकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

अशा शिबिराला जाणारा माणूस काही तरी घेऊनच जातो. मी बँकेत नोकरी करते, कामात चुका फारशा करीत नाही, आणि तरीही वरिष्ठांचा आवाज जरा चढला की माझे बोलणे बंद होते, हात गार पडतात आणि जी चूक माझी नाही तिचीही मी माफी मागून मोकळी होते. वडील रागीट होते आणि त्यांचा राग हातातून उतरत असे, एवढे सांगितले तरी माझ्या पिढीच्या पुष्कळ वाचकांना बाकीचे सांगावे लागणार नाही. माझी अपेक्षा मर्यादित होती. चढलेल्या आवाजासमोर मला दोन वाक्ये नीट बोलता यावीत, इतकीच शक्ती मला परत हवी होती.

पहिले सत्र माहितीचे होते आणि सुरुवात चांगली झाली. अमेरिकेत सॅन दिएगो येथे कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे लठ्ठपणावरील उपचारांचा कार्यक्रम चालवीत असत. ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत आहे असेच अनेक रुग्ण उपचार मध्येच सोडून जातात, हे १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आले. कारण शोधण्यासाठी त्यांनी या रुग्णांशी सविस्तर बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांतील कितीतरी जणांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि काहींच्या बाबतीत तर वाढलेले शरीर हेच त्यांना संरक्षण वाटत होते. पुढे फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली आणि तिचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातील कोणी तुरुंगात असणे अशा प्रकारांविषयी या पाहणीत वापरलेली प्रश्नावली आज दहा प्रश्नांची म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या बालपणात यांपैकी चार किंवा अधिक प्रकार होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पटींनी जास्त आढळला होता.

हे सगळे संचालकांनी रंजकपणे आणि बिनचूक सांगितले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे बालपणी सतत धोक्यात राहिलेले शरीर पुढे धोका नसतानाही सावध राहते, हा मुद्दाही त्यांनी नीट उलगडला. माझे गार पडणारे हात हा माझ्या स्वभावातला भित्रेपणा नसून एके काळी उपयोगी पडलेली शरीराची सवय आहे, हे चारचौघांच्या सभेत कोणी तरी स्पष्ट शब्दांत म्हणणे, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

त्यानंतर मात्र प्रश्नावलीचे कागद वाटले गेले, प्रत्येकाने स्वतःचे गुण, म्हणजे प्रत्येक ‘होय’ला एक, असे मोजायचे होते, आणि मग तीनपर्यंत गुण असलेल्यांनी सभागृहाच्या डाव्या भिंतीशी व चार किंवा अधिक गुण असलेल्यांनी उजव्या भिंतीशी उभे राहायचे होते. उजवीकडे उभ्या राहिलेल्यांना ‘शरीरात साठलेल्या आजारांचा’ इशारा देण्यात आला. ही प्रश्नावली मोठ्या लोकसमूहाच्या अभ्यासासाठी तयार झालेली आहे. एकेका व्यक्तीचे भविष्य सांगण्यासाठी तिचे गुण वापरणे योग्य नाही, असे खुद्द अँडा यांनीच आपल्या सहकाऱ्यांसह २०२० साली लिहिले आहे. तिच्यात अत्याचार किती तीव्र होता, किती वर्षे चालला, तेव्हा मुलाचे वय काय होते, पाठीशी कोणी उभे होते का, यांतले काहीच मोजले जात नाही. एकदाच घडलेला प्रसंग आणि दहा वर्षे रोज घडलेला प्रसंग यांना एकच गुण मिळतो. सरासरीने काढलेला धोका माणसाच्या कपाळी चिकटवणे ही शक्ती परत देण्याची रीत होऊ शकत नाही; उजव्या भिंतीशी उभ्या असलेल्या चेहऱ्यांवर त्या क्षणी जे दिसत होते ते त्याच्या नेमके उलट होते.

शिवाय ही पाहणी ज्यांच्यावर झाली ते बहुतांशी आरोग्यविमा असलेले, शिकलेले, मध्यमवर्गीय गोरे अमेरिकन होते. त्यामुळे आपल्याकडची कित्येक बालपणे त्या दहा प्रश्नांत मावतच नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे गावी राहिलेले मूल, आश्रमशाळेतली एकाकी वर्षे, वर्गात जातीवरून झालेला अपमान, गणित चुकले म्हणून मास्तरांनी फोडलेले हात, यांना त्या कागदावर रकाना नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते आणि त्यांतील दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण सांगितली होती. शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांचे शिक्षण त्यापूर्वीच संपले होते. जागतिक आरोग्य संघटनेने इतर देशांसाठी या प्रश्नावलीची जी विस्तारित आवृत्ती तयार केली, तिच्यात सवंगड्यांकडून होणारी दांडगाई आणि समाजातील हिंसाचार यांचाही समावेश आहे. मराठीत शिबिर घेणाऱ्यांनी निदान ती वापरावी, ही अपेक्षा गैर नाही.

दुपारचे पत्रलेखनाचे सत्र मला आवडले. ज्या व्यक्तीने दुखावले तिला पत्र लिहायचे, परंतु पाठवायचे नाही आणि कोणाला वाचूनही दाखवायचे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक घटनेविषयी मनातल्या भावनांसह लिहायला सांगितले होते. लिहिल्यानंतर लगेच त्यांना वाईट वाटले, परंतु पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. हा परिणाम फार मोठा नाही आणि सर्वांवर सारखाही होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले आहे; तरीही ही पद्धत स्वस्त आहे, खासगी आहे आणि किती खोल जायचे हे लिहिणाऱ्याच्याच हाती ठेवणारी आहे. त्या दिवशी दिलेला तास मला अपुरा वाटला. घरी येऊन मी तेच पत्र पुढे लिहीत राहिले आणि त्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागले नाहीत.

संध्याकाळच्या सत्राविषयी मात्र इतके बरे बोलता येणार नाही. रिकाम्या खुर्चीत वडील किंवा आई बसली आहे अशी कल्पना करून तिच्याशी बोलणे, ही फ्रिट्झ पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट उपचारपद्धतीमुळे प्रसिद्ध झालेली रीत आहे, आणि जाणत्या समुपदेशकाच्या खोलीत तिचा उपयोग होतो. तीस माणसांच्या सभागृहात, ढोलाच्या ध्वनिफितीवर, एकाच वेळी सर्वांनी आपापल्या खुर्चीला ओरडून बोलायचे आणि मग उशा बडवायच्या, असे तिचे रूप झाले की काम बदलते. राग बाहेर काढला की संपतो ही समजूत आकर्षक आहे, पण प्रयोग तिला साथ देत नाहीत. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्याने राग आणला त्याचा विचार करीत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, काहीच न करता बसलेल्यांपेक्षा अधिक टिकला होता. उशी बडवून झाल्यावर मला हलके वाटले हे खरे आहे. पण रात्री झोप लागली नाही, आणि खोलीतल्या बाकीच्याही जाग्याच होत्या.

त्याच सत्रात एका सहभागीचा श्वास जोरजोरात चालू लागला, नजर स्थिर झाली आणि नावाने हाक मारली तरी उत्तर येईना. संचालक माइकवरून म्हणाले की हेच हीलिंग आहे, येऊ द्या, थांबवू नका. सहभागींमध्ये एक परिचारिका होत्या. त्या उठून शेजारी जाऊन बसल्या आणि शांत आवाजात पाय जमिनीवर टेकवायला, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला आणि आज कोणता वार आहे ते सांगायला लावू लागल्या. काही मिनिटांत ती व्यक्ती भानावर आली. या परिचारिकाबाईंनी जे केले ते प्रशिक्षित माणसाला प्राथमिक पातळीवर यायलाच हवे, आणि ज्यांनी माइक धरला होता त्यांना ते येत नव्हते किंवा सुचले नाही. शिबिराची माझ्या दृष्टीने हीच सर्वांत गंभीर उणीव आहे.

बालपणी दीर्घकाळ चाललेल्या छळातून बाहेर येण्याचे तीन टप्पे मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडले. आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. या क्रमावर तपशिलाचे वाद आहेत, पण सुरुवात सुरक्षिततेपासून करावी यामागचा तर्क साधा आहे. छळाच्या वेळी मुलाच्या हातात काहीच नव्हते. केव्हा थांबायचे हे दुसरेच कोणी ठरवीत होते. उपचारातही केव्हा थांबायचे हे दुसऱ्यानेच ठरवले, तर जुन्याच अनुभवाची उजळणी होते, मग त्याला नाव काहीही द्या. मोबाइल काढून घेणे, मधेच उठून जाणाऱ्याला ‘तुमचा प्रतिकार बोलतो आहे’ असे म्हणणे, रडू न येणाऱ्याकडे सर्वांनी अपेक्षेने पाहत राहणे, या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात; पण ज्या शक्तीची जाहिरात केली होती ती याच ठिकाणी सहभागींच्या हातून संचालकांच्या हाती जात होती.

आणि कोणाला घ्यावे, कोणाला घेऊ नये याची चाळणीच नव्हती. नोंदणीच्या अर्जात नाव, फोन, जेवणाची आवड आणि टी-शर्टचा आकार विचारला होता. सध्या मानसोपचार चालू आहेत का, औषधे कोणती, अलीकडे आत्महत्येचे विचार आले होते का, यांपैकी एकही प्रश्न नव्हता. टी-शर्ट मात्र मापात बसला.

रात्रीच्या मार्गदर्शित ध्यानाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याचा धोका बाहेरून दिसत नाही. डोळे मिटून, मंद संगीतावर, वयाची एकेक पायरी उतरत वर्षाच्या बाळापर्यंत आणि शेवटी गर्भापर्यंत जायचे होते आणि तिथे ‘जे दिसेल ते सत्य मानायचे’ होते. प्रौढ माणसाला साधारणपणे वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आधीचे प्रसंग आठवत नाहीत, हे स्मृतीच्या अभ्यासात पक्के झालेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सूचना देऊन आठवण तयारही करता येते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची एक बनावट हकिकत, घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या हकिकतींमध्ये मिसळून २४ जणांपुढे ठेवली होती, आणि त्यांतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः ‘आठवली’. अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत अशा ‘परत मिळालेल्या’ आठवणींवरून कुटुंबे कोर्टापर्यंत गेली. याचा अर्थ बालपणीच्या अत्याचारांच्या आठवणी खोट्या असतात असा मुळीच नाही. बहुतेकांना आपल्यावर काय गुदरले ते कधी विसरताच आलेले नसते. म्हणूनच ज्यांच्या जखमा खऱ्या आहेत त्यांच्या बोलण्यावर पुढे अविश्वासाची सावली पडेल अशी तंत्रे वापरणे हा त्यांच्यावर दुहेरी अन्याय आहे. मी त्या सत्रात डोळे उघडे ठेवून बसले आणि मला कोणी हटकले नाही, हे नमूद करते.

रविवारची सकाळ मात्र वेगळी निघाली. संचालकांच्या एक सहकारी बाई, ज्या आदल्या दिवशी मागच्या रांगेत बसून नोंदी घेत होत्या, त्यांनी नकार देण्याच्या सरावाचे सत्र घेतले. संगीत नाही, अश्रू नाहीत, दोघादोघांच्या जोड्या. एकाने मागणी करायची, दुसऱ्याने कारणे न देता, माफी न मागता, आवाज न चढवता नकार द्यायचा. मग मागणी करणाऱ्याने आवाज चढवायचा आणि दुसऱ्याने तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. पहिल्या दोन फेऱ्यांत माझ्या तोंडून ‘सॉरी’ निघालेच. बाईंनी हसून ते मोजले, आणि पुढच्या फेरीत आवाज किती चढवायचा हे मीच माझ्या जोडीदाराला सांगावे, असे सुचवले. एवढ्याने सगळे चित्र पालटले, कारण आता भीतीचे प्रमाण मी ठरवीत होते.

या बाईंच्या बोलण्यात एक विचार स्पष्ट होता, आणि मराठी वाचकांना तो नवा वाटू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र कि. मो. फडके यांनी आपल्या लेखनातून आणि अभ्यासवर्गांतून महाराष्ट्रात रुजवले. भूतकाळात जे घडले त्याने दुखापत होते हे खरे, परंतु आज आपण स्वतःला जी वाक्ये ऐकवत राहतो ती दुखापत चालू ठेवतात, असा त्याचा रोख आहे. ‘कोणी रागावले म्हणजे मी वाईट’ हे वाक्य माझ्या वडिलांनी मला दिले असेल. ते गेली तीस वर्षे रोज म्हणत कोण आले, याचे उत्तर अवघड नाही. मात्र हा विचार अर्धवट सांगितला तर तो पीडितालाच दोष देण्याच्या जवळ जातो, आणि ज्याला झोपेत दचकून जाग येते किंवा प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे घडताना दिसतो अशा माणसाला केवळ वाक्ये बदलायला सांगणे पुरेसे नसते. अशा तीव्र लक्षणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्याची पद्धत) आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर ही पद्धत सुचवली आहे. दोन्हींना प्रशिक्षित व्यक्ती आणि काही आठवड्यांची सलग सत्रे लागतात. शनिवार-रविवारच्या मापात ते बसत नाही, आणि बसवतो असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

बाईंनी त्यानंतर आणखी एक गोष्ट करवून घेतली. लहानपणी ज्या मोठ्या माणसाच्या जवळ भीती वाटत नसे, असे एक तरी नाव काढायला लावले. कोणाची आजी निघाली, कोणाची शेजारच्या घरातली काकू, एकाचे ग्रंथपाल. या प्रश्नामागे मोठा अभ्यास उभा आहे. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातली भांडणे, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत एकाच वेळी वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, माया लावणारी, जबाबदार माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज आजी, आजोबा, शिक्षक असे कोणी तरी भरवशाचे माणूस होते, हा त्यांतला ठळक धागा होता. त्याहून दिलासा देणारी बाब म्हणजे, किशोरवयात बिघडलेल्यांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. शिकण्याची दुसरी संधी, स्थिर नोकरी, समजूतदार जोडीदार यांनी ते घडले. आदल्या दिवशी भिंतीशी रांगेत उभे केलेल्यांना हे आधीच सांगितले असते, तर शनिवारची रात्र बरी गेली असती.

समारोपाचे सत्र क्षमेचे होते. मोबाइल परत मिळाले आणि लगेच आईला किंवा वडिलांना फोन लावून, स्पीकर चालू ठेवून, ‘मी तुम्हाला माफ केले’ असे सर्वांसमक्ष म्हणायचे होते. ज्यांचे आईवडील हयात नाहीत त्यांनी आकाशाकडे पाहून म्हणायचे होते. टाळ्या तयारच होत्या. आपल्याकडे आईवडिलांविषयी वावगा शब्द काढणे जड जाते, म्हणून माफीचे नाटक लवकर उरकण्याचा मोह संयोजकाला होणे मी समजू शकते. शेवट गोड होतो, छायाचित्रे चांगली येतात. परंतु कालच ज्याने पहिल्यांदा आपला राग कागदावर उतरवला, त्याच्याकडून आज दुपारी चार वाजता क्षमा वसूल करणे म्हणजे ‘मोठ्यांचे मन राख, तुझे नंतर पाहू’ हा लहानपणचाच धडा पुन्हा गिरवून घेणे आहे. पलीकडे फोन उचलणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसावर काय ओढवते, याचाही विचार कोणी केलेला दिसला नाही. क्षमा करायची की नाही, केली तर केव्हा आणि बोलून दाखवायची का, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मी फोन लावला नाही. सकाळच्या सत्रातले वाक्य वापरले, कारण दिले नाही, आणि ‘सॉरी’ म्हणाले नाही. सबंध शिबिरातला माझा खरा फायदा तो हाच, आणि तो संचालकांना नकार देण्यातून मिळाला याची मौज वाटते.

संचालकांच्या पात्रतेविषयी संकेतस्थळावर ‘प्रमाणित हीलर’ आणि ‘ट्रॉमा कोच’ असे लिहिलेले होते. या दोन्ही पदव्यांना आपल्या देशात कायद्याचा आधार नाही. त्या कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, आणि मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा व्यावसायिक रागावत नाही. सकाळचे सत्र घेणाऱ्या बाईंनी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते हे मला विचारल्यावर कळले. जाहिरातीत त्यांचे नाव खाली, बारीक अक्षरांत होते.

शिबिरानंतरची सोय म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यावर सकाळी सुविचार येतात आणि ‘पुढच्या लेव्हल’ची जाहिरात येते, तिचे शुल्क पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे. शनिवारी ज्यांना त्रास झाला त्यांची चौकशी करणारा फोन आयोजकांकडून गेला नाही, परिचारिकाबाईंकडून गेला. तुलनेसाठी सांगते : पुण्यात खासगी समुपदेशनाच्या एका सत्राला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, म्हणजे या शिबिराच्या शुल्कात तीन ते नऊ सत्रे होतात. तेही परवडत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक आहे, ती दिवसरात्र आणि विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांतही उपचार मिळतात. तिथे रांग असते, थालीपीठ नसते.

तरीही सरसकट ‘जाऊ नका’ असे मी म्हणणार नाही. ज्यांना आजवर हा विषय कोणाजवळ काढताच आलेला नाही, ज्यांची झोप, नोकरी आणि घर बऱ्यापैकी सुरळीत आहे, त्यांना आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे पाहून बळ येऊ शकते. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. ज्यांना जुने प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडताना दिसतात किंवा जीव नकोसा होतो त्यांनी अशा ठिकाणी मुळीच जाऊ नये; त्यांचे पैसे आणि धैर्य दोन्ही प्रशिक्षित माणसाकडे खर्च व्हावे. पाचपैकी दोन गुण मी देते आणि ते दोन्ही पत्रलेखनाला व रविवारच्या सकाळला आहेत.

हे सारे आक्षेप मी आयोजकांना लेखी कळवले. पुढच्या तुकडीच्या अर्जात चालू उपचारांविषयीचा प्रश्न घालू, मोबाइल जवळ ठेवू देऊ, पण क्षमेचे सत्र हा आमच्या शिबिराचा गाभा असल्याने ते तसेच राहील, असे त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. तेव्हा जायचेच असेल तर आधी नकाराचे सत्र त्या सहकारी बाईच घेणार आहेत ना, याची खात्री करून घ्यावी, मोबाइलची मुभा लेखी मागून घ्यावी, आणि रविवारी दुपारच्या जेवणानंतर निघावे. पुण्याकडे परतताना चांदणी चौकातली गर्दीही त्यामुळे टळते.